अप्रकाशित साधनें व आढाव्याचें प्रामाण्य

एखाद्या प्रश्नासंबंधीं झालेले सर्व प्रयोग शोधून काढावयाचे, त्यांच्या ग्राह्याग्राह्यतेचे नियम आधींच ठरवावयाचे, आणि मग सर्वांचा मिळून निर्णय सांगावयाचा, यास वैद्यकांत 'पद्धतशीर आढावा' म्हणतात. आमच्या वाचकांस ही रीति परकी वाटूं नये. महाभारताच्या आदिपर्वाची चिकित्सित आवृत्ति इ. स. १९३३ मध्यें पुरी झाली, तेव्हां डॉ. वि. सी. सुखटणकर यांनीं प्रतींचे वर्ग व पाठनिवडीचीं तत्त्वें प्रस्तावनेंत सांगितलीं आणि त्यागिलेले पाठही तळटीपांत दिले. संपादकाचा निर्णय ज्यास मान्य नाहीं, त्यास दुसरा निर्णय करण्याचें साहित्य त्याच पृष्ठावर मिळतें. ज्यास हल्लीं 'मुक्त विज्ञान' म्हणतात, त्याचें मर्म आमच्या मतें हेंच होय.

ब्रिटिश वैद्य आर्ची कॉक्रन यांनीं इ. स. १९७९ मध्यें अशी तक्रार केली कीं, प्रयोगांचे चिकित्सक व वेळोवेळीं सुधारलेले सारसंग्रह करण्याची व्यवस्था वैद्यांनीं केलेली नाहीं. त्यांच्या नांवाची संस्था इ. स. १९९३ मध्यें निघाली व हें कार्य सुरू झालें. परंतु आढावेकार कितीही निःपक्षपाती असला, तरी त्याच्या हातीं छापलेलाच पुरावा आला तर काय होतें, हें 'ऑसेल्टामिव्हिर' ऊर्फ 'टॅमिफ्लू' या इन्फ्लुएंझावरील औषधाच्या इतिहासावरून दिसतें.

इ. स. २००३ मध्यें दहा प्रयोगांची बेरीज करणारा एक लेख प्रसिद्ध झाला. औषधानें फुप्फुसांचे उपद्रव व रुग्णालयांत जाण्याची पाळी कमी होते, असा त्याचा निष्कर्ष होता. हे दहाही प्रयोग उत्पादक रोश कंपनीच्या खर्चानें झालेले होते. कॉक्रन संस्थेच्या आढावेकारांनीं तो लेख प्रमाण धरला. इ. स. २००९ मध्यें एका जपानी बालरोगवैद्यानें त्यांस विचारलें कीं, दहांपैकीं दोनच प्रयोग सविस्तर छापलेले आहेत. उरलेले आठ आपण पाहिले काय? आढावेकारांनीं मूळ सामग्री मागितली. ती पुरी न मिळाल्यामुळें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यांनीं ते आठ प्रयोग वगळून नवा आढावा छापला.

पुढें युरोपीय औषध-नियामक संस्थेकडून कांहीं मूळ अहवाल मिळाले. कंपनीकडून पूर्ण अहवाल इ. स. २०१३ मध्यें आले. कागद दीड लाख पृष्ठांहून अधिक होते. इ. स. २०१४ च्या आढाव्यांत असें ठरलें कीं, प्रौढांचीं लक्षणें सुमारें १६.८ तास आधीं शमतात. रुग्णालयांत जाण्याचें प्रमाण घटल्याचें दिसत नाहीं. मळमळ व वांती मात्र वाढते. तोंपर्यंत एकट्या ब्रिटननें या औषधाच्या सांठ्यावर सुमारें ४२.४ कोटी पौंड खर्च केले होते.

वाद तेथें मिटला नाहीं. इ. स. २०१५ मध्यें दुसऱ्या विद्वानांनीं एकेका रोग्याची नोंद तपासून रुग्णालयांत जाणें कमी होतें असें प्रतिपादिलें. तथापि वादाची जात पालटली. पूर्वीं कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा हा प्रश्न होता. आतां कोणते कागद कसे वाचावे हा आहे.

राजवाडे यांनीं इ. स. १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचा पहिला खंड काढून बखरींची परीक्षा अस्सल पत्रांवरून केली. छापील लेख ही प्रयोगाची बखर होय व मूळ अहवाल हें त्याचें दप्तर होय. वाळवीनें खाल्लेला कागद कोणाचा पक्ष घेत नाहीं. धन्यानें अडवून ठेवलेला कागद घेण्याचा संभव असतो. म्हणून जें साधन मागूनही मिळालें नाहीं, त्याची नोंद निर्णयाबरोबर छापली पाहिजे.

आमच्या संग्राहक बंधूंस यावरून एवढीच विनंति आहे. रुमाल आपल्याच घरीं राहूं द्यावे. परंतु त्यांची यादी प्रसिद्ध करावी आणि मागणाऱ्यास नक्कल घेऊं द्यावी. आपल्या घराण्यास प्रतिकूल असा कागद निघाला तर तो अगोदर दाखवावा. तो दडलेला असतां आम्ही लिहिलेला इतिहास बखरीहून अधिक प्रमाण ठरणार नाहीं.