पाणी तपासणाऱ्या बायांची गोष्ट
१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी नगर जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केलं. पुढे शाळेची पायरी न चढलेल्या बायांनाही त्यांनी आरोग्यसेविका केलं. औषधाइतकंच स्वच्छ पाणी आणि शोषखड्डा महत्त्वाचा, हे शिकवलं. २०१९ मध्ये जलजीवन मिशन आलं. त्यात दर गावात ५ महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं.

आम्ही सांगवीच्या, नीरेकाठच्या. नितळ दिसतं ते पाणी चांगलं, असंच मानत आलो. पण जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. जिवाणू तपासणीच्या बाटलीतलं पाणी एक-दोन दिवसांत काळं पडलं, तर ते पिऊ नका, उकळून घ्या. तारीख वहीत लिहा आणि ती वही ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचा.