अमेरिकन फुटबॉल : बाद फेरीतील घोडचुका

बेसबॉल वा बास्केटबॉलप्रमाणे अमेरिकन फुटबॉलच्या बाद फेरीत सामन्यांची मालिका नसते. एक पराभव आणि मोसम संपला! त्यामुळे मोक्याच्या क्षणी झालेली चूक वर्षानुवर्षे विसरली जात नाही. अशा काही गाजलेल्या चुका :

१९७३ : अंतिम सामन्यात, म्हणजे 'सुपर बोल'मध्ये मायामी १४-० आघाडीवर होता. गॅरो येप्रेमियन यांची किक अडवली गेली. परत आलेला चेंडू फेकताना त्यांच्या हातून निसटला आणि वॉशिंग्टनच्या माइक बास यांनी टचडाउन केले. मायामी १४-७ असा जिंकला, म्हणून ही चूक विनोदाचा विषय ठरली.

१९९३ : पहिल्याच फेरीत ह्यूस्टनने ३५-३ अशी आघाडी घेतली होती. बफेलोने जादा वेळेत ४१-३८ असा विजय खेचून आणला.

२०१५ : सुपर बोलमध्ये सिअॅटल २४-२८ पिछाडीवर, विजयरेषा एका यार्डावर. मार्शॉन लिंच यांच्यासारखा दणकट धावपटू हाताशी असताना पास देण्यात आला. न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलर यांनी तो मध्येच पकडला.

२०१७ : सुपर बोलमध्ये अटलांटा २८-३ आघाडीवर होता. २८-२० असताना सोपी किक मारून तीन गुण मिळवण्याच्या टप्प्यात येऊनही पासचा हट्ट नडला आणि संघ मागे ढकलला गेला. न्यू इंग्लंडने जादा वेळेत ३४-२८ अशी बाजी मारली.

येप्रेमियन यांची चूक हाताची होती. सिअॅटल व अटलांटाची निर्णयाची. चषक गेला तो निर्णयामुळे.