बांधकामावरील सुरक्षा व्यवस्थापक : नेमणूक, कर्तव्ये आणि मर्यादा

बल्लारपूर : कोळसा खाणी आणि कागद कारखाना यांमुळे बल्लारपूर परिसराला सुरक्षा अधिकारी हे पद अपरिचित नाही. कारखान्यांसाठी १९४८ साली, तर खाणींसाठी १९५२ साली कायदा झाला. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी मात्र स्वतंत्र केंद्रीय कायदा होण्यास १९९६ साल उजाडावे लागले. वस्तुतः बांधकामावरील धोका अधिक फसवा असतो. कारखान्यातील यंत्र एका जागी असते. बांधकामावर काल जेथे सपाट जमीन होती तेथे आज खड्डा असतो आणि काल भक्कम असलेल्या परांचीची फळी आज काढलेली असते. दररोज बदलणारा हा धोका काम सुरू होण्यापूर्वी ओळखणे, हेच सुरक्षा व्यवस्थापकाचे मुख्य काम होय.

नेमणूक आणि पात्रता

कायद्यात या पदाचा उल्लेख ‘सुरक्षा अधिकारी’ असा आहे. मोठ्या प्रकल्पांवर अनेक अधिकारी असल्यास त्यांच्या प्रमुखास सुरक्षा व्यवस्थापक म्हटले जाते. १९९६ च्या कायद्यानुसार ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत सुरक्षा अधिकारी व सुरक्षा समिती बंधनकारक होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमण्यासाठी ही मर्यादा २५० कामगारांवर आणण्यात आली आहे.

१९९८ च्या केंद्रीय नियमांत अभियांत्रिकी पदवी अथवा पदविका, बांधकामाचा प्रत्यक्ष अनुभव आणि औद्योगिक सुरक्षेचे शिक्षण अशी पात्रता ठरविण्यात आली. कामावरील बहुसंख्य कामगारांची भाषा अधिकाऱ्यास अवगत असावी, अशीही अट त्यात होती. तेलंगणाची सीमा जवळ असलेल्या बल्लारपूरसारख्या भागात या अटीचे महत्त्व सहज लक्षात येते. मराठी, हिंदी आणि तेलुगू बोलणारे मजूर एकाच स्लॅबवर काम करीत असतील, तर एकाच भाषेतील सूचनाफलक पुरेसा ठरत नाही.

दैनंदिन काम

दिवसाची सुरुवात कामगारांशी होणाऱ्या छोटेखानी बैठकीने होते. त्या दिवशीचे काम, त्यातील धोका आणि घ्यावयाची काळजी मुकादमासमक्ष सांगितली जाते. त्यानंतर परांची, सेंट्रिंगचे टेकू, क्रेनचे दोर, विजेच्या तात्पुरत्या जोडण्या आणि खोदकामाच्या कडा यांची तपासणी होते. मातीतील चर दीड मीटरपेक्षा खोल असल्यास त्याच्या बाजूंना आधार द्यावा, असे भारतीय मानक सांगते. उंचीवरील काम, वेल्डिंग किंवा बंदिस्त टाकीत उतरणे यांसारख्या कामांसाठी लेखी परवाना दिला जातो. हेल्मेट आणि सुरक्षापट्टा हा शेवटचा उपाय होय. पडण्याची शक्यताच राहू नये म्हणून कठडे व जाळी लावणे, याला प्राधान्य असते.

चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्यामुळे उष्माघात हादेखील येथे बांधकामावरील धोकाच मानावा लागतो. भर दुपारचे काम सकाळी व सायंकाळी वळविणे, सावली आणि पिण्याच्या पाण्याची सोय पाहणे ही कामेही त्याच्याच कक्षेत येतात.

अपघातात मृत्यू झाल्यास किंवा जखमी कामगार ४८ तास वा त्याहून अधिक काळ काम करू न शकल्यास संबंधित प्राधिकाऱ्यास कळविण्याची जबाबदारी मालकावर असते. त्यासाठी लागणाऱ्या नोंदी सुरक्षा विभाग ठेवतो.

काम संपल्यानंतरही

२७ नोव्हेंबर २०२२ रोजी बल्लारपूर रेल्वेस्थानकावरील पादचारी पुलाचा भाग कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला आणि अनेक प्रवासी जखमी झाले. हा बांधकामावरील अपघात नव्हता. तो वापरातील पूल होता. तथापि बांधकामाची सुरक्षा केवळ मजुरांपुरती नसते आणि काम पूर्ण झाल्यावर तपासणी संपत नाही, हे या दुर्घटनेने शहराला दाखवून दिले. दुरुस्तीचे काम सुरू असताना ये-जा करणाऱ्या नागरिकांना धोक्याच्या जागेपासून दूर ठेवणे, हाही सुरक्षा नियोजनाचा भाग आहे.

मर्यादा

सुरक्षा अधिकाऱ्याची भूमिका प्रामुख्याने सल्ल्याची असते. अंतिम जबाबदारी मालकाची व कंत्राटदाराची राहते. काम वेळेत पुरे करण्याचा दबाव आणि धोका दिसताच काम थांबविण्याची गरज यांत तो सापडतो. म्हणूनच काम थांबविण्याचा त्याचा अधिकार व्यवस्थापनाने लेखी मान्य करणे आवश्यक ठरते. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर बसविणारे अवजड यंत्र कोसळून २० जणांचा बळी गेला. अशा कामात एक चूक किती जणांच्या जिवावर बेतते, हे त्यातून दिसले.

दुसरी मर्यादा संख्येची आहे. दुमजली घर, दुकानांचा गाळा किंवा गावातील पाण्याची टाकी बांधणारे मजूर दहा-वीसच असतात. तेथे सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक नसते, पण पडण्याची उंची तीच असते. अशा ठिकाणी परांची तपासण्याचे काम एका जाणत्या मिस्त्रीकडे नेमून देणे, हा व्यवहार्य मार्ग होय. नजीकचा धोका वाटल्यास कामगार तो मालकाच्या आणि निरीक्षकाच्या निदर्शनास आणू शकतो. तशी तरतूद संहितेत आहे. त्यावर तातडीने उपाय करणे मालकावर बंधनकारक आहे.