हिरवं की गुलाबी? रेडिएटरमधल्या पाण्याची गोष्ट

बनशंकरीहून पुन्हा एकदा तुमच्याशी गप्पा मारायला बसलोय.

गेल्या रविवारी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये बेळगावकडचा एक तरुण शेजारी बॉनेट उघडून उभा होता. एका हातात हिरव्या कूलंटचा डबा, दुसऱ्या हातात गुलाबी. मला म्हणाला, "काका, यातलं कुठलं घालू? की बोअरचं पाणी घालून भागेल?" प्रश्न दोन मिनिटांचा होता, पण त्याचं उत्तर सव्वाशे वर्षांच्या इतिहासात आहे. म्हणून आजचा भाग त्यावरच.

अगदी सुरुवातीच्या मोटारींमध्ये साधं पाणीच असायचं. 1886च्या कार्ल बेंझच्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन जायचं आणि चालक वाटेत पुन्हा भरून घ्यायचा. 1900-01च्या सुमारास विल्हेल्म मायबाखने मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला आणि थोडक्या पाण्यात मोठं इंजिन गार राहू लागलं. पण थंड देशांत पाण्याची एक खोड नडायची. गोठताना ते सुमारे 9 टक्के फुगतं आणि इंजिनाचा ओतीव लोखंडी ब्लॉक तडकवतं. मग लोक त्यात अल्कोहोल घालत. अल्कोहोल उडून जाई. ग्लिसरीन घालून पाहिलं, ते महाग पडे.

उत्तर होतं इथिलीन ग्लायकॉल. ते 1850च्या दशकात फ्रान्समध्ये शार्ल वुर्ट्झ यांनी प्रयोगशाळेत तयार केलं होतं. पण मोटारीसाठी ते 'प्रेस्टोन' या नावाने अमेरिकेच्या बाजारात आलं 1927मध्ये. ते उडून जात नाही आणि पाण्यापेक्षा बरंच उशिरा उकळतं.

आता इथे एक गंमत बघा. ग्लायकॉल इतकं चांगलं, तर मग नुसतं तेच का भरू नये? विमानवाल्यांनी हेच केलं होतं. रोल्स-रॉइसच्या सुरुवातीच्या मर्लिन इंजिनांत शुद्ध ग्लायकॉल असे. पण ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. म्हणून पुढच्या मर्लिनमध्ये 70 टक्के पाणी, 30 टक्के ग्लायकॉल आणि वर दाब, अशी रचना आली. 1944मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या स्क्वाड्रनची हरिकेन विमानं याच मर्लिन इंजिनांवर उडत होती. धडा एवढाच की उष्णता वाहायला पाणी हवं आणि पाण्याला सांभाळायला ग्लायकॉल हवं. तुमच्या गाडीत साधारण निम्मं-निम्मं असतं, ते यासाठीच. असं मिश्रण उणे 37 अंशांच्या आसपास गोठतं, आणि नुसतं ग्लायकॉल उणे 13लाच!

हा धडा मी मात्र पुस्तकातून शिकलो नाही. ऐंशीच्या दशकात लडाखमध्ये मी तरुण कॅप्टन होतो. आमच्या ताफ्यातल्या एका शक्तिमान ट्रकचा होज गळत होता. दिवसभर प्रत्येक थांब्यावर आम्ही ओढ्याचं पाणी भरत गेलो. रात्री मुक्कामावर हवालदार म्हणाला, "साहेब, पाणी काढून टाकू का?" मी म्हटलं, "अँटिफ्रीझ आहे की त्यात. राहू दे." दिवसभरात अँटिफ्रीझ किती पातळ झालं असेल, हा हिशेब मी केलाच नाही. ग्लायकॉल पाचव्या हिश्शावर आलं तर मिश्रण उणे 8ला गोठू लागतं. त्या रात्री थंडी त्याच्या कितीतरी खाली गेली. सकाळी ब्लॉक तडकलेला. वरच्या चौकीचं रॉकेल दोन दिवस उशिरा पोचलं. हवालदार मला एक शब्दही बोलला नाही. तेच जास्त लागलं. दोन दिवस शेगडीविना काढलेल्या त्या जवानांची नावंसुद्धा मला ठाऊक नाहीत.

तुम्ही म्हणाल, बंगळुरूत कुठे बर्फ पडतो? बरोबर आहे. पण इथे शत्रू वेगळे आहेत, उकळणं आणि गंज. पूर्वी खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून वाफ सोडत उभ्या असलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना उकळणं म्हणजे काय ते सांगायला नको. आणि बोअरच्या जड पाण्याने बादलीत जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

गंज रोखणाऱ्या रसायनांवरूनच कूलंटचे पंथ पडले. युरोपात पाणी जड. तिथल्या कारखान्यांनी फॉस्फेट टाळलं, कारण त्याचा क्षारांशी थर जमतो. जपान्यांनी सिलिकेट टाळलं, कारण त्याने वॉटर पंपाचं सील झिजतं असं त्यांना दिसलं. नव्वदच्या दशकात सेंद्रिय आम्लांचं, जास्त टिकणारं कूलंट आलं. आपल्या रस्त्यांवर जपानी वंशाच्या गाड्या आहेत, युरोपी आहेत, कोरियन आहेत, देशी आहेत. म्हणूनच दुकानात एवढे रंग दिसतात. पण रंग म्हणजे नुसता रंग. कुठली कंपनी कुठला रंग घालेल याचा नियम नाही. चुकीचे दोन प्रकार एकत्र झाले तर गंजरोधकाचा जोर कमी होतो, कधी गाळ धरतो.

तेव्हा शेजाऱ्याला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. गाडीच्या पुस्तिकेत कुठला प्रकार लिहिलाय ते बघा आणि तोच घ्या. डब्यावर आयएस 5759 हे भारतीय मानक आहे का पाहा. कॉन्सन्ट्रेट घेतलं तर डिस्टिल्ड वॉटरच मिसळा, तयार मिश्रण घेतलं तर काहीच मिसळू नका. आत आधी काय आहे ते माहीत नसेल, तर सगळं काढून, धुऊन नवीन भरा. इंजिन गरम असताना झाकण उघडू नका. आणि पातळी वारंवार खाली जात असेल, तर भरत बसू नका, गळती शोधा. माझी चूक तीच होती.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. हे द्रव गोडसर आणि विषारी असतं. 1986मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले, ते याच कुळातल्या डायइथिलीन ग्लायकॉलची भेसळ असलेल्या ग्लिसरीनमुळे. न्यायमूर्ती लेंटिन यांनी त्याची चौकशी केली होती. म्हणून उरलेलं कूलंट पाण्याच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. लहान मुलं आणि गल्लीतली कुत्री-मांजरं, दोघांपासून लांब ठेवा.

शेजाऱ्याने पुस्तिका काढली, वाचली आणि दोन्ही डबे दुकानात परत केले. दोन्ही चुकीचे होते!

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.