मोटारसायकल इंजिनाची दुरुस्ती

मोटारसायकल इंजिनाची दुरुस्ती म्हणजे दुचाकीच्या अंतर्ज्वलन इंजिनातील झिजलेले, तुटलेले अथवा बिघडलेले भाग शोधून ते जुळवणे, बदलणे किंवा पुन्हा कार्यक्षम करणे होय. हे काम वाहनमालक स्वतः करतो किंवा मोबदला देऊन मेकॅनिककडून करवून घेतो. या दोन पर्यायांची तुलना बहुधा मजुरीच्या रकमेवरून केली जाते. प्रत्यक्षात खर्चाचा मोठा भाग दोन गोष्टींवर अवलंबून असतो: बिघाडाचे निदान अचूक झाले आहे का, आणि इंजिन कोणत्या थरापर्यंत उघडावे लागणार आहे.

पार्श्वभूमी

भारतात मद्रास येथे 1955 पासून तयार होऊ लागलेली एन्फील्ड बुलेट, तसेच त्यानंतरच्या राजदूत आणि म्हैसूरच्या जावा या गाड्यांची रचना साधी होती. राजदूत व जावा यांची इंजिने द्विघाती होती. त्यांत झडपा नसत. इंधनात मिसळलेल्या तेलामुळे इंजिनाच्या डोक्यात व सायलेन्सरमध्ये काजळी साचे आणि ती अधूनमधून खरवडावी लागे. त्यामुळे गाडीसोबत मिळणारी हत्यारांची पिशवी केवळ शोभेची नव्हती. 1985 मध्ये हीरो होंडाची चतुर्घाती सीडी 100 बाजारात आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरा, अशा आशयाची तिची जाहिरात गाजली. मालकाने इंजिनाकडे पाहण्याची सवय मोडण्यास येथूनच आरंभ झाला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 मानके लागू झाली. त्यानंतर बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा संगणक-नियंत्रित इंधन फवारणीने घेतली. आता काही बिघाड संगणकाशी जोडणाऱ्या निदान-यंत्राशिवाय सापडत नाहीत, आणि असे यंत्र प्रत्येक गॅरेजमध्ये असतेच असे नाही.

'मिस्त्री' हा मेकॅनिकसाठी पूर्वी रूढ असलेला शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे' म्हणजे उस्ताद यावरून आला आहे. आज औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये दुचाकी-तीनचाकी मेकॅनिकचा अभ्यासक्रम उपलब्ध आहे. तरीही बरेच मेकॅनिक उस्तादाच्या हाताखाली काम करूनच तयार होतात.

निदान

निदानाचे काम मालकाने स्वतः करण्यास सर्वांत योग्य आहे, कारण त्यासाठी इंजिन उघडावे लागत नाही. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर चतुर्घाती इंजिनात ऑइल जळत आहे असे समजावे. काळा धूर हवेच्या मानाने पेट्रोल अधिक जात असल्याचे दाखवतो. थंडीच्या सकाळी दिसणारा आणि थोड्या वेळाने नाहीसा होणारा पांढरा धूर ही बहुधा पाण्याची वाफ असते. स्पार्क प्लग काढून पाहिल्यास त्याचे टोक फिकट तपकिरी असणे हे ज्वलन योग्य होत असल्याचे लक्षण होय.

गाडीचा जोर कमी झाला असेल तर प्लगच्या भोकात दाबमापक बसवून कॉम्प्रेशन मोजतात. ते कमी भरल्यास त्याच भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडून पुन्हा मोजावे. ऑइल दट्ट्याच्या रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवते. म्हणून दुसऱ्या वेळी दाब स्पष्टपणे वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत. वाढला नाही तर झडपा नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट फुटले आहे. या दहा मिनिटांच्या चाचणीचे महत्त्व मोठे आहे. निव्वळ झडपा घासून भागणार असताना सिलिंडरचेही काम काढले जाणे हा या व्यवसायातील नेहमीचा वाद असून, चाचणीचे दोन आकडे हाती असलेल्या मालकाला त्यावर प्रश्न विचारता येतो.

टॅपेट

झडप आणि तिला दाबणारा भाग यांच्यात थोडी फट ठेवावी लागते, कारण तापल्यावर धातू प्रसरण पावतो. ही फट मिलिमीटरच्या शतांश भागांत असते. इंजिन पूर्ण थंड असताना आणि दाबाच्या फेरीत दट्ट्या सर्वांत वर असताना ती फिलर गेजने मोजतात. अचूक आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. जुन्या बुलेटमध्ये गेजही लागत नसे. पुशरॉड वरखाली न हलता बोटांनी सहज फिरला की फट बरोबर आहे असे समजत.

फट वाढली की टिकटिक आवाज येतो, आणि तो बंद करावा असा ग्राहकांचा आग्रह असतो. तो पुरवताना टॅपेट गरजेपेक्षा घट्ट केले गेले तर आवाज थांबतो, परंतु झडप पूर्ण मिटत नाही व कालांतराने तिची कड जळते. सैल टॅपेट कानाला कळतो. घट्ट टॅपेट झडप जळेपर्यंत कळत नाही. हे काम शिकलेला मालक एका फिलर गेजच्या किमतीत बरेच मोठे नुकसान टाळू शकतो.

'हाफ' आणि 'फुल' इंजिन

गॅरेजच्या बोलीत हेड, सिलिंडर व दट्ट्या यांच्या कामाला 'हाफ इंजिन', तर क्रँककेस उघडून क्रँकशाफ्ट व बेअरिंगपर्यंत जाण्याला 'फुल इंजिन' म्हणतात. हाफ इंजिनचे काम सावध माणसाला घरी जमू शकते. झिजलेला सिलिंडर मात्र मेकॅनिकही स्वतः दुरुस्त करत नाही; तो लेथ कारखान्यात बोअर करून आणतो. बोअरसाठी 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00 मिलिमीटर अशा वाढीव मापांचे दट्टे मिळतात. आधी दट्ट्या आणून त्याच्या मापाने बोअर करवून घेणे ही योग्य पद्धत होय. काही नव्या इंजिनांच्या सिलिंडरला आतून कठीण मुलामा असतो. असा सिलिंडर नेहमीच्या पद्धतीने बोअर करता येत नाही, सहसा तो बदलावाच लागतो.

घरी काम करणाऱ्यांच्या चुका ठरलेल्या असतात. दट्ट्याच्या पिनचे लॉक निसटून क्रँककेसमध्ये पडले तर हाफ इंजिनचे फुल इंजिन होते; म्हणून त्या तोंडात आधी स्वच्छ फडके कोंबून ठेवतात आणि जुने लॉक पुन्हा वापरत नाहीत. कॅमच्या चक्रावरील खूण जुळवताना साखळी एका दात्याने चुकली तरी गाडी नीट चालत नाही. अधिक चुकल्यास झडप दट्ट्यावर आदळून वाकते. ॲल्युमिनियममधील आटे तर फारच नाजूक. बोल्ट ठरावीक न्यूटन-मीटरपर्यंतच आवळायचे असतात आणि त्यासाठी टॉर्क पाना लागतो. अनुभवी मेकॅनिकचा हात हे पुष्कळदा अंदाजाने साधतो. नवशिक्याने तसे करू नये. फुल इंजिनसाठी क्लच व मॅग्नेटो काढण्याचे पुलर आणि बेअरिंगसाठी प्रेस लागते. एका गाडीसाठी ही साधने घेणे मजुरीपेक्षा महाग पडते, शिवाय दूध वा वर्तमानपत्रे पोहोचवणाऱ्याची गाडी आठवडाभर उघडी पडली तर त्याची कमाईच थांबते.

मेकॅनिककडे काम देताना

काढलेले सर्व भाग परत मागावेत. सिलिंडरचे मोजलेले माप व बसवलेल्या दट्ट्याचे माप बिलावर लिहून घ्यावे. नवा दट्ट्या बसवल्यावर पहिले काही शे किलोमीटर इंजिन ताणू नये, आणि पहिले ऑइल लवकर बदलावे. हमीच्या मुदतीतील इंजिन घरी उघडू नये. तसे केल्यास हमी नाकारली जाऊ शकते.

कायदेशीर व पर्यावरणीय बाबी

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवण्यासाठी समिती नेमली. तिने निवडलेल्या क्षेत्रांत वाहनांचाही समावेश होता. दुरुस्तीची माहिती व सुटे भाग उत्पादकाच्या केंद्रांपुरते मर्यादित राहू नयेत, हा त्यामागील विचार होय. इंजिन क्रमांक क्रँककेसवर कोरलेला असून नोंदणीपत्रातही असतो. त्यामुळे इंजिन बदलल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंद करावी लागते, मग काम कोणीही केलेले असो.

वापरलेले ऑइल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. घरी ऑइल बदलणाऱ्याने ते गटारात किंवा जमिनीवर न ओतता डब्यात साठवून, अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना ऑइल देणाऱ्या सर्व्हिस केंद्राकडे सोपवावे.