छायाचित्रातील तिघे : नकार आणि नावाची किंमत

फॅशन मासिकातील एका छायाचित्रामागे किमान तीन व्यवसाय उभे असतात : मॉडेल, छायाचित्रकार आणि रंगभूषाकार. तिघांची कौशल्ये वेगळी, परंतु प्रवेशाची वाट जवळपास एकच. तिघेही बव्हंशी मुक्त व्यावसायिक असतात, तिघांनाही नवे काम मिळवण्यासाठी आधी केलेले काम दाखवावे लागते आणि तिघांच्याही वाट्याला होकारांपेक्षा नकार कितीतरी अधिक येतात. साहजिकच स्वतःची जाहिरात स्वतःच करणे हा या व्यवसायाचा अविभाज्य भाग ठरतो. ही जाहिरात फुकट होत नाही. तिचा खर्च कोण सोसतो आणि तिच्यातून नाव कोणाचे होते, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

मुंबईत अंधेरीच्या पश्चिमेला, वर्सोव्यातील आराम नगर ही वसाहत गेल्या काही दशकांत कास्टिंगच्या कार्यालयांसाठी ओळखली जाऊ लागली. तेथील दारांवर उमेदवारांनी सर्वाधिक वेळा ऐकलेले शब्द म्हणजे 'नॉट फिट'. त्यात मानहानीचा हेतू असतोच असे नाही. 'फिट' ठरलेल्याने कॅमेऱ्यासमोर उभे राहून नाव, वय, उंची सांगायची, चेहऱ्याची डावी-उजवी बाजू आणि हात दाखवायचे, दिलेल्या दोन ओळी म्हणायच्या आणि निघायचे. पुढे बहुतेकदा काहीच घडत नाही. निवड न झाल्याचे कळवण्याची पद्धत या व्यवसायात नाही. न आलेला फोन हाच नकार समजायचा. दारातला 'नॉट फिट' निदान स्पष्ट तरी असतो, असे म्हणावे लागते.

या मौनामागे कारणे असतात, परंतु ती उमेदवारापर्यंत पोहोचत नाहीत. जाहिरातीचा चेहरा कसा हवा हे उत्पादक, जाहिरात संस्था आणि दिग्दर्शक यांच्यात आधीच ठरलेले असते. आई आणि मुलगी एकमेकींना शोभायला हव्यात, नायकाशेजारी उंची जुळायला हवी, प्रतिस्पर्धी साबणाच्या जाहिरातीत तोच चेहरा नुकताच दिसलेला नसावा. यात गुणवत्तेचा संबंध अल्प. मात्र या मागणीत समाजाचे पूर्वग्रहही शिरतात आणि वर्ण हा त्यांतील सर्वांत जुना. जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये सावळा वर्ण न्यून म्हणून दाखवणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द २०२० मध्ये गेला. जाहिरातीत काय दाखवू नये हे अशा नियमांनी सांगता येते. निवडीच्या खोलीत कोणाला बोलावलेच नाही, हे त्यांना दिसत नाही.

नकारावर उतारा म्हणून नवोदिताला सर्वप्रथम सुचवला जातो तो पोर्टफोलिओ. पूर्वी तो जाड काळ्या पानांचा अल्बम असे. सोबत चार-पाच छायाचित्रे आणि शरीराची मापे छापलेले कार्ड. आज मोबाइलवरील पान पुरते. तो तयार करण्याची रूढ रीत म्हणजे 'टेस्ट शूट' : कोणीही कोणाला पैसे द्यायचे नाहीत, तिघांनीही एक दिवस आणि आपापले साहित्य खर्ची घालायचे आणि तयार झालेली छायाचित्रे तिघांनीही वापरायची. वरवर हा व्यवहार समसमान दिसतो. प्रत्यक्षात मॉडेलचा प्रवासखर्च होतो, छायाचित्रकाराचा कॅमेरा आणि स्टुडिओचे भाडे लागते, तर रंगभूषाकाराचे महागडे साहित्य संपून जाते. शिवाय एका टेस्टने भागत नाही. काम मिळाल्यावरही पैसे हाती पडायला तीन-तीन महिने लागणे नवलाचे नसल्याने घरचा आधार वा दुसरी नोकरी नसलेला उमेदवार या टप्प्यावरच गळतो. गौतम राजाध्यक्ष यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. रसायनशास्त्राचे पदवीधर असलेले राजाध्यक्ष १९७४ पासून लिंटास या जाहिरात संस्थेच्या छायाचित्र विभागात होते आणि १९८७ मध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ स्वतंत्र छायाचित्रणाकडे वळले. 'फेसेस' हा त्यांचा गाजलेला संग्रह १९९७ मधला. त्यांची प्रतिभा वादातीत. पण नाव होण्यापूर्वी तेरा वर्षे नियमित पगार होता, हेही विसरता येत नाही.

पोर्टफोलिओच्या या गरजेवर एक समांतर धंदाही पोसला गेला आहे. 'तुमची निवड झाली आहे' असा फोन येतो, कार्यालयात कौतुक होते आणि मग नोंदणीशुल्क व ठरावीक स्टुडिओतच काढावयाच्या छायाचित्रांचा खर्च पुढे केला जातो. पैसे भरले की होणारे कौतुक आणि येणारे फोन, दोन्ही थांबतात. वास्तविक प्रतिष्ठित मॉडेलिंग संस्थांचे उत्पन्न मॉडेलला मिळणाऱ्या मानधनातील कमिशनमधून येते. आधीच पैसे मागणाऱ्या संस्थेला मॉडेलच्या यशात स्वारस्य असण्याचे कारण उरत नाही. लागोपाठ नकार पचवलेल्या उमेदवाराला होकार हवा असतो, आणि येथे नेमका तोच विकला जातो.

फुकट काढलेले छायाचित्र कोणाचे, हा पुढचा प्रश्न. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारी व्यक्ती. कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिली मालकी पैसे देणाऱ्याकडे जाते. टेस्ट शूटमध्ये पैसे कोणीच देत नाही. म्हणजे मालकी सर्वसाधारणपणे छायाचित्रकाराकडेच राहते. मॉडेलने तेच छायाचित्र व्यावसायिक कामासाठी दिले किंवा त्यावरील नाव कापले, तर वाद उद्भवतो. कर्त्याचे नाव लावून घेण्याचा हक्कही कायद्याने छायाचित्रकाराला दिला आहे. रंगभूषाकाराचा उल्लेख या व्याख्येत नाही. त्याचे नाव छापले जाते ते केवळ प्रथेने, आणि जागा अपुरी पडली की सर्वप्रथम तेच गळते. मराठी नाटकाच्या श्रेयनामावलीत नेपथ्य आणि प्रकाशयोजनेसोबत रंगभूषेचे नाव येते, तेवढा मान मासिकांनीही सातत्याने दिलेला नाही. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ पासून दिले जात असले तरी रंगभूषेचा स्वतंत्र पुरस्कार २००६ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाला. 'ट्रॅफिक सिग्नल'साठी अनिल मोतीराम पालांडे हे त्याचे पहिले मानकरी.

स्वतःची कितीही जाहिरात केली तरी जो टळत नाही, असा नकारही याच क्षेत्राने पाहिला आहे. मुंबईतील चित्रपट वेशभूषा, रंगभूषा आणि केशभूषाकारांच्या संघटनेच्या नियमांनुसार रंगभूषाकार म्हणून सदस्यत्व पुरुषांनाच मिळे. स्त्रियांनी केशभूषाकार व्हावे. सदस्यत्वाच्या कार्डाविना चित्रीकरणस्थळी काम करणे म्हणजे दंड आणि अडवणूक. सुमारे सहा दशके हे चालले. अमेरिकेत रंगभूषेचे शिक्षण घेतलेल्या चारू खुराणा यांचा अर्ज याच कारणावरून फेटाळला गेला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्या. दीपक मिश्रा आणि न्या. उदय लळित यांच्या खंडपीठाने हा नियम, तसेच महाराष्ट्रातील पाच वर्षांच्या वास्तव्याची अट, समानतेच्या आणि व्यवसायस्वातंत्र्याच्या हक्कांविरुद्ध असल्याचे ठरवून रद्द केली. ब्युटी पार्लर आणि नववधूची रंगभूषा बहुतांशी स्त्रियांच्याच हाती असताना कॅमेऱ्यासमोरच्या चेहऱ्याला मात्र त्यांनी ब्रश लावायचा नाही, ही विसंगती इतकी वर्षे कोणाला खटकली नव्हती.

२०१० मध्ये आलेल्या इन्स्टाग्रामने रंगभूषाकारांना ग्राहकापर्यंत थेट पोहोचण्याची वाट दिली. अनेकांची फॅशनमधील विनामोबदला कामे आज लग्नसराईतील कमाईवर चालतात. वधूचे 'आधी' आणि 'नंतर'चे छायाचित्र ही त्यांची सर्वांत परिणामकारक जाहिरात. परंतु लग्नाच्या छायाचित्रांचे पैसे वधूपक्षाने दिलेले असतात. करारात वेगळे कलम नसेल तर मालकीही पैसे देणाऱ्याची. त्यामुळे तेथे रंगभूषाकाराला आधी परवानगी मागावी लागते, आणि 'माझा फोटो कुठे टाकू नका, विशेषतः आधीचा' असे सांगणाऱ्या वधूही कमी नसतात.