एका विषयात नापास, तर मॅच बंद! टेक्सासचा ‘नो पास, नो प्ले’ नियम काय आहे?

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये, म्हणजे साधारण नववी ते बारावीत, शाळेच्या बास्केटबॉल संघात यायचं तर निवड चाचणी द्यावी लागते. बँडमध्ये कोण कुठल्या खुर्चीवर बसणार, हेही बहुतेक वेळा वाजवून दाखवल्यावरच ठरतं. टेक्सासमध्ये मात्र निवड झाली म्हणजे सुटलो, असं नाही.

१९८४ साली तिथे कायदा झाला. एका जरी विषयात १०० पैकी ७० पेक्षा कमी गुण पडले, तरी विद्यार्थी सहा आठवडे स्पर्धेबाहेर! मग तो फुटबॉलचा हुकमी खेळाडू असो, नाहीतर बँडमधला ट्रम्पेटवाला. ही कल्पना लावून धरणारे उद्योगपती रॉस पेरो. हेच पुढे १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. फुटबॉलवेड्या टेक्सासमध्ये गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं. १९८५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने कायदा वैध ठरवला. शाळेच्या संघातून खेळणं हा मूलभूत हक्क नाही, असं सांगून.

१९९५ मध्ये बंदी तीन आठवड्यांवर आली. तेवढ्या काळात सराव चालतो, सामना नाही. सगळ्या विषयांत पास झालं की पुन्हा प्रवेश. काही अवघड, वरच्या पातळीच्या विषयांना शाळा सूट देऊ शकते.

टीकाकारांचा मुद्दाही साधा आहे. काही मुलं शाळेत येतात तीच मुळी खेळासाठी किंवा बँडसाठी. शिवाय मार्चिंग बँडमध्ये प्रत्येकाची जागा पावलागणिक ठरलेली असते. एकजण बाहेर बसला, की मैदानावरच्या रचनेत तेवढं भगदाड दिसतं.